दुसऱ्या भाषेची अट

‘इंटरनॅशनल स्टडीजमध्ये एम.ए. करायचं तर काय काय लागतं?’ उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या तालुक्यांतली. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, घरात कोकणी, देवळातलं भजन आणि जत्रेतलं नाटक मराठीत, आणि हायस्कूलपासून पुढे सगळं इंग्रजीत. तीन-चार भाषांत सहज वावरणारी ही मुलं अर्ज भरायला बसली की टक्के, प्रवेश परीक्षा, फी आणि नोकरी एवढंच विचारतात. ते विचारायलाच हवं. पण या पदवीला आणखी एक गोष्ट लागते. अभ्यासक्रमाच्या पत्रकात ती कधी असते, कधी नसते, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी तिच्याबद्दलच बोलायला हवं. ज्या देशाचा अभ्यास करायचा, त्या देशाची भाषा.

आधी पत्रकातलं सांगून टाकते, त्यात गूढ असं काही नाही. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र झालेलं असेल तर पहिलं सत्र जरा सोपं जातं, इतकंच. गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्रीय अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे आणि तिथला प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या चाचणीतून होतो. दिल्लीला जेएनयूत जायचं तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. दोन वर्षांच्या एम.ए.ला ८० क्रेडिट, म्हणजे सत्राला २०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. नव्या धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी केली असेल तर एम.ए. एका वर्षात, ४० क्रेडिटमध्ये होऊ शकतं. मधला एम.फिल.चा टप्पा २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी गेला. आता एम.ए. झालं की थेट पीएच.डी.कडे बघायचं. प्राध्यापक व्हायचं तर नेट ही पात्रता परीक्षा, आणि नेटमध्ये ‘इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज’ असा वेगळा विषय आहे, हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. युरोपात दोन वर्षांच्या मास्टर्सला साधारण १२० क्रेडिट धरतात. तिथलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, घरी केलेला अभ्यास धरून. त्यामुळे आपले ८० आणि त्यांचे १२० शेजारी शेजारी ठेवून घाबरायचं कारण नाही. मोजमापच वेगळं आहे.

विषयांची यादीही जगभर थोड्याफार फरकाने सारखीच. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रांसारख्या संघटना, राजकीय अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण, एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास, संशोधनपद्धती आणि शेवटी प्रबंधिका. सिद्धान्तांचा पेपर मुलांना कोरडा वाटतो. तेव्हा मी त्यांना हा विषय जन्माला कसा आला ते सांगते. पहिल्या महायुद्धात वेल्सच्या विद्यापीठातली कितीतरी मुलं मेली. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस यांच्या घराण्याने देणगी दिली आणि १९१९ मध्ये समुद्राकाठच्या अॅबरिस्टविथ या लहानशा गावी या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं. पुन्हा असं होऊ नये यासाठी काय करता येईल, या एका तळमळीतून. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज उभं राहिलं, ए. अप्पादोराय तिचे पहिले संचालक. १९७० मध्ये ती संस्था जेएनयूत विलीन झाली. हे कळल्यावर सिद्धान्ताचा पेपर निदान परका वाटत नाही.

आता भाषेकडे येते.

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने राष्ट्रीय संरक्षणासाठी शिक्षणाचा कायदा केला आणि त्याच्या सहाव्या भागात परकीय भाषा आणि प्रादेशिक अभ्यास यांच्यासाठी विद्यापीठांना पैसा दिला. हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी या भाषांचे वर्ग त्यातून बळावले. शिवाय पीएल-४८० हा अमेरिकेचा धान्य पुरवण्याचा कायदा होताच. त्याखाली गहू आपल्याकडे आला हे आपल्या मागच्या पिढीला पक्कं आठवतं, पण त्या गव्हाच्या किमतीपोटी साचलेल्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकेतल्या ग्रंथालयांना जायला लागली हे फारसं कुणी बोलत नाही. पुण्या-मुंबईत छापलेली मराठी पुस्तकं अशी अमेरिकन विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसली. एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासक मराठी शिकल्या, महाराष्ट्रात हिंडल्या, माणसांशी बोलल्या आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये पीएच.डी. केली. आज त्या विषयावर काम करणाऱ्याला झेलियट वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. आणि त्या आदरातूनच एक गोष्ट खटकते. ते लोक आमची भाषा शिकून आमच्याकडे आले. आम्ही कुणाची शिकलो? चीनवर प्रबंधिका लिहिणारा आपला विद्यार्थी चिनी वर्तमानपत्रातला एक मथळाही वाचू शकत नाही. ब्राझीलवर लिहिणारा इंग्रजीतली पुस्तकं वाचतो, आणि ती बहुतेक अमेरिकेत लिहिलेली. म्हणजे ब्राझीलकडे तो अमेरिकेच्या खिडकीतून बघतो आणि वर ‘भारतीय दृष्टिकोन’ असं प्रकरणाला नाव देतो. परदेशातल्या काही संस्थांत दुसऱ्या भाषेची परीक्षा ही पदवीची अट असते. अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूलसारख्या ठिकाणी ती वर्षानुवर्षं आहे. मात्र इंग्रजी मातृभाषा नसलेल्याला अनेक ठिकाणी त्याची स्वतःची भाषाच दुसरी भाषा म्हणून चालते. आपली मुलं त्या सवलतीवर सुटतात. नियमाने सुटतात, त्यात गैर काही नाही, पण त्यांच्या हातून निसटतं ते फार मोलाचं असतं.

ते किती मोलाचं, हे मी आपल्याकडच्या पोर्तुगीज राजवटीच्याच एका खटल्यावरून सांगते. मी तो दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला तो नव्याने थक्क करतो.

१९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तिथे जायचं तर मध्ये भारताचा मुलूख, आणि भारताने वाट अडवलेली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला आणि आठवडाभरात, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. आम्हांला त्या वाटेवरून जायचा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. आणि हक्काचा पुरावा काय? तर १७७९ चा पुण्याचा तह आणि पेशव्यांनी १७८३ आणि १७८५ मध्ये दिलेल्या सनदा. या कागदांनी मराठ्यांनी त्या गावांचं सार्वभौमत्व आम्हांला दिलं, असं लिस्बनच्या वकिलांनी मांडलं.

पुण्याच्या दरबारात निघालेले कागद हेगच्या न्यायाधीशांपुढे! पाठांत फरक होता, पोर्तुगीज एक म्हणत होतं, मराठी दुसरं. न्यायालयाने ते तपासले, मराठे जेव्हा खरोखर मुलूख देऊन टाकत तेव्हा कशी भाषा वापरत आणि जेव्हा फक्त उत्पन्न लावून देत तेव्हा कशी, हे पाहिलं. निष्कर्ष असा निघाला, की सनदांनी दिलेला होता तो सालीना १२,००० रुपयांच्या उत्पन्नाचा सरंजाम. गावांचा वसूल पोर्तुगीजांचा, सार्वभौमत्व मराठ्यांकडेच. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांचा ताबा मूकपणे मानला, म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मिळाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी नाही. आणि भारताने आपली कसलीही जबाबदारी मोडलेली नाही, असंही न्यायालयाने सांगितलं. या खटल्यापुरते भारताच्या बाजूचे न्यायाधीश होते एम. सी. छगला.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जगभरातल्या पुस्तकांत हा खटला आहे. दोन देशांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली वहिवाटसुद्धा कायदा होऊ शकते, यासाठी तो शिकवतात. विद्यार्थी त्याचा इंग्रजी सारांश पाठ करतात. पण त्या सारांशाच्या खाली जो मूळ दस्त आहे, तो उघडून वाचायचा तर मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही लागतात. लिस्बनच्या संशोधकाकडे पोर्तुगीज आहे, मोडी नाही. केंब्रिजच्या बऱ्याच जणांकडे दोन्ही नाहीत. आणि सत्तरीतल्या ज्या मुलीने चौथीपर्यंत मराठी शाळेत बाराखडी गिरवली, तिला मोडी यायला काही महिन्यांचा सराव पुरतो. उरली पोर्तुगीज. ती शिकायची सोय पणजीत जितकी आहे तितकी देशात इतरत्र क्वचितच. एवढं जवळ असलेलं घबाड आपण पत्रकात लिहिलं नाही म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

सुरक्षा परिषदेचा किस्साही असाच. १९ डिसेंबर आमच्या मुलांना तोंडपाठ असतो, गोव्याचा मुक्तिदिन, सुट्टी, परेड. मी त्यांच्या हातात १८ डिसेंबर १९६१ च्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीचं इतिवृत्त देते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला, युद्धबंदी करा, भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं. बाजूने सात मतं, विरोधात चार. संख्येने ठराव पास झाला असता, पण विरोधातलं एक मत सोव्हिएत रशियाचं, म्हणजे नकाराधिकार. अमेरिकेचे अॅडले स्टीव्हन्सन इतके संतापले, की या संघटनेच्या अंताची ही सुरुवात ठरू शकते असं ते बोलून गेले. भारताची बाजू सी. एस. झा मांडत होते. वसाहती संपवण्याच्या १९६० च्या ठरावावर बोट ठेवून.

हे वाचून झालं की वर्गात हमखास एक प्रश्न येतो. रशियाचं ठीक, सिलोन शेजारी, इजिप्त नासेरचा. पण लायबेरिया आपल्या बाजूने कशी? या प्रश्नासाठी मी वर्षभर थांबायला तयार असते, इतका तो चांगला आहे. कारण त्याचं उत्तर अंगोलात आहे. १९६१ च्या सुरुवातीला तिथे पोर्तुगीजांविरुद्ध उठाव झाला होता, आणि तो प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे आणायला लायबेरियाच पुढे सरसावली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला, आफ्रिकेतले नेते आले आणि गोव्याच्या बाबतीत आता किती थांबणार, असं त्यांनी नेहरूंना विचारलं. गोव्याची मुक्ती ही आफ्रिकेच्या गोष्टीचाही एक भाग आहे, हे आपल्याकडच्या भाषणांत फार कमी येतं. अंगोलातल्या लुआंडाच्या आणि मोझांबिकमधल्या मापुतोच्या लोकांनी आपल्याबद्दल काय लिहिलं, काय बोललं, हे बघायचं तर पुन्हा पोर्तुगीजच लागते.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट इथे सांगायला हवी. सत्तरीतली. वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक होता. गोव्याचं लोहखनिज आधी जपानला जायचं, २००० नंतर चीनने मागेल तेवढी किंमत दिली आणि आमच्या भागात ट्रकांच्या रांगा लागल्या, रस्त्याकडेची झाडं तांबडी झाली, मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्जी, म्हणजे मालवाहू बोटी, एकामागोमाग मुरगाव बंदराकडे जायच्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दाराशी उभा राहिला, हप्ते चालू राहिले. हे सगळं तिने लहानपणी पाहिलेलं.

तिला या खाणींवरच काम करायचं होतं. बेजिंगमध्ये पोलादाचा भाव ठरतो आणि आमच्या गावात चूल पेटते की नाही ते ठरतं, हे तिला कागदावर मांडायचं होतं. विषय उत्तम. पण त्या लिजा मुळात आल्या कुठून, असं मी तिला विचारलं. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या खाण-फर्मानाखाली लोकांना खाणींच्या सवलती दिल्या गेल्या, कायमच्या. मुक्तीनंतरही त्या तशाच चालल्या. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या सवलती संपवल्या आणि त्यांना लिजा ठरवलं, तेही २० डिसेंबर १९६१ पासून. म्हणजे ज्या वादाने तिच्या घरचा ट्रक थांबवला त्याच्या तळाशी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कागद आहेत. सवलत कुणाला, किती हेक्टर, कुठल्या अटीवर, हे सगळं त्यात.

दुसऱ्या दिवशी ती घरातलं एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आली. आत आल्वारा. सत्तरीत, पेडण्यात हा शब्द माहीत नसलेलं घर सापडणार नाही. सरकारी जमीन लागवडीला दिल्याचा तो जुना दस्त, आणि त्याच्या मालकीचा घोळ अजून पुरता सुटलेला नाही. घडीवर फाटलेला कागद, मागून चिकटपट्टी लावलेली, वर पोर्तुगीज सरकारची मुद्रा, खाली जांभळ्या शाईतली सही. मधोमध पणजोबांचं नाव, पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, त्यामुळे ते तिला आधी ओळखूच आलं नाही. घरात कुणालाच वाचता येत नाही, निवडणूक आली की कुणीतरी झेरॉक्स मागून नेतं, असं ती म्हणाली. आम्ही दोघींनी शब्दकोश घेऊन सुरुवातीच्या काही ओळी लावल्या. जागेच्या चतुःसीमा होत्या त्यात, पूर्वेला ओहोळ, दक्षिणेला अमक्याच्या कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, हद्द. ती म्हणाली, ‘मॅडम, ही तर आमची खालची बाग.’

त्यानंतर तिला पोर्तुगीज कशाला शिकायची हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

हे काम आपल्यातल्या माणसांनी पूर्वी केलेलं आहे. पांडुरंग पिसुर्लेकर याच सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे, जन्म १८९४ चा. मराठी त्यांची होतीच, पोर्तुगीज त्यांनी कमावली, मोडी वाचत होते. गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ मध्ये दियोगु दु कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने सुरू केलेलं, आशियातल्या जुन्यांपैकी एक. त्याची घडी पिसुर्लेकरांनी बसवली. तिथल्या ग्रंथमालांची नावं ऐकली तरी विषय डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘मोसमांची पुस्तकं’, म्हणजे मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोव्यामध्ये झालेला पत्रव्यवहार. ‘शेजारी राजे’, म्हणजे मराठे, सावंत, सोंदे, आदिलशाही, मोगल यांच्याशी झालेला. यातूनच पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास लिहिला, आणि पोर्तुगीजांच्या वतीने भारतीय दरबारांत वकिली करणारे हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी लोक कोण होते याच्यावरही १९५२ मध्ये मोठा ग्रंथ केला, तोही पोर्तुगीजमध्ये. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी कॅन्टीनला जाताना वाट वाकडी करून तो एकदा बघून यावा.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी तर भाषेसाठी घर सोडून गेले. बुद्ध समजून घ्यायचा तर पाली हवी, म्हणून सिलोनला, ब्रह्मदेशाला. पुढे हार्वर्डला बोलावणं आलं ते त्या पालीमुळे, लेनिनग्राडलाही. त्या वेळी ‘एरिया स्टडीज’ हे नावही कुणी ऐकलं नव्हतं.

नोकरीचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. त्या मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, ‘हें शिकून चलयेक नोकरी मेळटली मू, मॅडम?’ म्हणजे, हे शिकून मुलीला नोकरी मिळेल ना? ज्याचा ट्रक दाराशी गंजला त्याने हे विचारायचं नाही तर कुणी? मी त्यांना खरं तेच सांगितलं. परराष्ट्र सेवेत जागा फार थोड्या, त्या यूपीएससीतून भरतात आणि त्यासाठी हे एम.ए. लागतच नाही. नेट झाली तर प्राध्यापकी, पण तिथेही रांग. नुसती पदवी असेल तर ती इतर हजारोंसारखीच. भाषा असेल तर गोष्ट बदलते. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या संघटनेत आज नऊ देश आहेत, ब्राझील, अंगोला, मोझांबिक धरून, आणि २०२१ पासून भारत तिथे सहयोगी निरीक्षक आहे. मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यातल्या मोठ्या वायुक्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. चीनने २००३ मध्येच मकावमध्ये पोर्तुगीजभाषी देशांसाठी कायमचा मंच उभारला. मकाव ही पोर्तुगीजांची वसाहत त्यांच्याकडे १९९९ मध्ये आली आणि चार वर्षांत त्यांनी त्याचा असा उपयोग केला. आपल्याकडे गोवा १९६१ पासून आहे. २०१४ च्या जानेवारीत इथे लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीजभाषी देशांच्या, क्रीडास्पर्धा झाल्या, स्टेडियमं झाली, देशोदेशीची मुलं येऊन गेली. पण त्या देशांशी व्यवहार करू शकतील, त्यांचे कायदे वाचू शकतील अशी माणसं आपण किती तयार केली? पोर्तुगीज पारपत्र काढून परदेशी जाणारी मुलं आमच्या अवतीभवती पुष्कळ दिसतात, तेही आंतरराष्ट्रीय संबंधच. ज्या देशाचा पासपोर्ट खिशात आहे त्या देशाची भाषा मात्र बहुतेकांना येत नाही.

हे मी विद्यापीठांवर ढकलून मोकळी होत नाही. दोन वर्षांत ८० क्रेडिट, त्यात इंटर्नशिप, त्यात प्रबंधिका, यात भाषेला तास कुठून काढायचे हा प्रश्न खरा आहे. भाषा निवड-विषय म्हणून ठेवली की मुलं जिथे गुण सहज मिळतात तो पेपर घेतात, तेही समजण्यासारखं आहे. तरीही माझं मत ठाम आहे. ज्या देशावर प्रबंधिका, त्या देशाच्या भाषेतला निदान एक मूळ दस्त स्वतः वाचून त्यात वापरलेला असला पाहिजे, एवढी एक अट प्रत्येक विभागाने घालावी. कुणाला हे अवघड वाटेल. इंग्रजीत जे आयतं मिळतं त्याच्यावर पन्नास पानं लिहिणं त्याहून सोपं आहे, हे कबूल.

आणि अट येईपर्यंत थांबायचं कशाला? यंदा प्रवेश घेणाऱ्यांना मी सांगते, पहिल्या सत्रातच भाषा धरा, तिसऱ्यात नको. पोर्तुगीज असेल तर विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत कामोंइश या पोर्तुगीज भाषा-संस्थेचे वर्ग असतात. रोज तासभर दिला तर वर्षाच्या शेवटी शब्दकोश हाताशी घेऊन वर्तमानपत्र आणि सरकारी पत्र लावता येतं. बोलता आलं नाही तरी चालेल, वाचता यायला हवं. ज्यांनी मराठी शाळेत शिकलंय त्यांनी सोबत मोडी घ्यावी. महाराष्ट्रात तिचे वर्ग नियमित होतात, आणि अक्षर एकदा डोळ्यांत बसलं की मजकूर आपलाच असतो. मार्गदर्शक निवडताना विचारा, की तुम्ही मूळ कागद कुठल्या भाषेत वाचता. प्रबंधिकेचा विषय ठरवायच्या आधी पुराभिलेखागारात एक दिवस घालवा, तिथली सूची बघा, मग विषय ठरवा. बहुतेक मुलं हे उलट करतात आणि मग चौथ्या सत्रात धावत सुटतात.

त्या मुलीने खाणींचा विषय सोडलेला नाही, फक्त काळ मागे नेला आहे. जपानला खनिज जायला लागलं त्या १९५० च्या आसपासच्या वर्षांत पोर्तुगीज सरकार, स्थानिक खाणमालक आणि जपानी खरेदीदार यांच्यात व्यवहार कसे ठरले, हे तिला बघायचं आहे. मी तिला म्हटलं, यात जपानीही लागेल. ती म्हणाली, ‘ती पीएच.डी.ला शिकेन.’